दरडीला पोलादी बोल्ट

डोंगर कापून रस्ता काढला, की कापलेल्या कातळाचा पुढचा आधार जातो. सह्याद्रीचा काळा कातळ कठीण खरा, पण त्याला चिरा असतात. पावसाचे पाणी चिरांत साचून धोंडे बाहेर रेटते, आणि दरड कोसळते. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ अशाच दरडीने कोकण रेल्वेची गाडी घसरली. पन्नासच्या आसपास माणसे दगावली.

यावरचा एक उपाय म्हणजे कातळाला बोल्ट मारणे. सैल थर ओलांडून आतल्या घट्ट कातळापर्यंत यंत्राने काही मीटर खोल भोक पाडतात. त्यात पोलादी गज घालून सिमेंटचे पातळ कालवण भरतात. ते घट्ट झाले, की बाहेरच्या टोकाला चकती बसवून नट आवळतात. थर एकमेकांवर दाबले जातात, मग घसरत नाहीत.

गुरुजींनी वर्गात पाट्यांची चळत तिरपी धरून दाखवावी. सुट्या पाट्या घसरतात. दोरीने आवळल्या, की जागच्या हलत नाहीत.

मात्र नुसते बोल्ट पुरत नाहीत. पाण्याला वाट हवी, म्हणून निचऱ्याची भोके पाडतात. बारीक दगडांसाठी जाळी लावतात. आणि पावसात दरडीवर नवी चीर, गढूळ झरा वा सुटे दगड दिसले, तर तेथे थांबू नका. पोलीस पाटलांना लगेच कळवा.