सात अक्षरांचं घर

डब्लिनला येऊन चौथा दिवस होता. साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला. भाजणी आणि मेतकूट पाठवायचंय, पत्ता सांग. सांगितला, तर म्हणाल्या, "जवळची खूण काय?" खूण लागत नाही, म्हटलं. 2015 पासून इथे एअरकोड आहे. आपला पिनकोड अख्ख्या भागाचा असतो. हा सात अक्षर-अंकांचा कोड एकेका घराचा, शेजारच्या फ्लॅटचाही वेगळा. "पण आत्ता पाठवू नका," असंही सांगावं लागलं. जागा कंपनीनं महिनाभरासाठी दिलेली होती, आणि आमची सगळी धावपळ स्वतःच्या नावाच्या पत्त्यासाठीच चालली होती.

इथे येणाऱ्या कुटुंबानं हा गुंता निघायच्या आधी समजून घ्यावा. पगारासाठी बँक खातं हवं. खात्यासाठी पत्त्याचा पुरावा हवा, म्हणजे वीजबिल किंवा भाडेकरार. आणि घरमालक विचारतो पगाराची पावती! हा गुंता सुटायला लागतो तो पीपीएस नंबरपासून. तो सामाजिक सुरक्षा विभाग देतो आणि नोकरी, कर, सरकारी कामं सगळीकडे तोच लागतो. तो नसेल तर पगारावर 'इमर्जन्सी टॅक्स' बसतो, सरसकट 40 टक्के दरानं. पैसे नंतर परत मिळतात, पण घराचं डिपॉझिट त्याच महिन्यात भरायचं असतं. या नंबरासाठी वीजबिलच हवं असं नाही. राहत्या जागेच्या मालकाचं किंवा हॉटेल मॅनेजरचं पत्र चालतं. हे आम्हाला दहाव्या दिवशी कळलं. तोवर नवरा रात्र रात्र जागाच असायचा.

घर बघायला गेलं की फाटकापर्यंत रांग. एका ठिकाणी तीन महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं आणि आम्ही द्यायलाही निघालो होतो. ऑफिसमधल्या एकानं अडवलं. ऑगस्ट 2021 पासून डिपॉझिट आणि आगाऊ भाडं मिळून दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. अडलेल्या माणसाला कायदा आठवत नाही, म्हणून तो कुणीतरी सांगावा लागतो.

पाचव्या आठवड्यात घर मिळालं. पहिल्याच संध्याकाळी नळाला गार पाणी. गिझर कुठे दिसेना. शेजारच्या आजी आल्या आणि जिन्याजवळचं एक कपाट उघडून दाखवलं. याला इथे हॉट प्रेस म्हणतात. आत पाण्याची तांब्याची मोठी टाकी, वरच्या फळ्यांवर कपडे वाळत घालायची सोय. टाकीच्या बटणावर दोनच शब्द, सिंक आणि बाथ. सिंकवर ठेवलं तर वरचं थोडं पाणी तापतं, बाथवर ठेवलं तर पूर्ण टाकी. "बंद करायला विसरू नका," त्यांनी दोनदा बजावलं.

2025 च्या उन्हाळ्यात इथे भारतीयांवर हल्ले झाले होते, दूतावासानं सावधगिरीची सूचना काढली होती. ते मनात धरूनच आम्ही आलो होतो. आजींनी गाव विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर त्यांना लिओ वराडकर आठवले. 2017 मध्ये पंतप्रधान झालेले, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. एवढ्यानं भीती जात नाही, पण त्या रात्री मला झोप लागली.

माझ्यासाठी सर्वांत मोलाचं होतं स्टॅम्प 1जी. क्रिटिकल स्किल्स परवान्यावर आलेल्याच्या जोडीदाराला 2019 पासून वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येते. नोंदणी 90 दिवसांत करायची, प्रत्येकी 300 युरो भरून. परदेशी गेलेल्या कितीतरी शिकलेल्या बायका केवळ एका शिक्क्यावाचून वर्षानुवर्षं घरी बसल्या आहेत, म्हणून हे ठळक लिहितेय.

लेक सात वर्षांची. शाळेत आयरिश शिकावीच लागते. बारा वर्षांपर्यंत देशाबाहेर शिकलेल्या मुलांना सूट मागता येते. दुसऱ्याच आठवड्यात तिनं दारातून हाक दिली, "दीआ ग्वित!" देव तुझ्यासोबत असो. याला उत्तर देताना देवाबरोबर मेरीचंही नाव घ्यायचं, असं तिनं बाबाला शिकवलं. बाबानं तिला 'राम राम' शिकवलं.

मग एक दिवस वीजबिल आलं. त्यावर माझं नाव, खाली ती सात अक्षरं. लेकीनं ती मोठ्यानं वाचून दाखवली. मी सासूबाईंना फोन लावला, आता पाठवा भाजणी. खूण त्यांनी पुन्हा विचारलीच.

लाल दार, म्हटलं.