कूलर बॅग घेताना काय पाहाल?

उन्हाळा सुरू झाला की मऊ कापडाच्या छोट्या ‘कूलर बॅग’ बाजारात दिसू लागतात. दह्याचा डबा, कापलेली फळे, बाजारातून आणलेली मासळी, मधुमेही व्यक्तींचे इन्सुलिन अशा नित्याच्या वस्तूंसाठी त्या घेतल्या जातात. मात्र ही पिशवी म्हणजे छोटा फ्रीज असा समज करून घेतल्यास अन्न आणि औषध दोन्ही वाया जाण्याचा धोका असतो.

पिशवी स्वतः थंडावा निर्माण करीत नाही. बाहेरील उष्णता आत शिरण्याचा वेग ती केवळ कमी करते. हे काम चकचकीत अस्तरापेक्षा कापड आणि अस्तर यांमधील फोमचे असते. फोमच्या सूक्ष्म कप्प्यांत अडकलेली स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक असते. म्हणून खरेदी करताना पिशवी चिमटीत धरून फोमची जाडी अजमावावी. झाकण आणि तळ येथेही फोम आहे का, चेन शेवटपर्यंत बंद होते का, हे पाहावे. घरी आणल्यावर आत पेलाभर पाणी ओतल्यास शिवणीतून गळती होते का, तेही कळते.

खरा थंडावा बर्फाचा. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापण्यास मात्र एकच कॅलरी पुरते. म्हणजेच दोन लिटर पाणी २० अंशांनी तापविणारी उष्णता अर्धा किलो बर्फ वितळताना पचवतो. त्यामुळे पिशवीवर लिहिलेल्या लिटरमधून आइस पॅकची जागा वजा करूनच तिचे आकारमान ठरवावे. आत ठेवायच्या वस्तू फ्रीजमध्ये आधीच थंड केलेल्या असाव्यात. गरम डबा बर्फाशेजारी ठेवल्यास बर्फ डबा निववण्यातच खर्ची पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये आणि नाशवंत पदार्थ शक्यतो ५ अंश सेल्सिअसच्या खाली असावेत. पिशवीची परीक्षाही याच निकषावर घ्यावी. फ्रीजमधील पाण्याची बाटली आणि आइस पॅक पिशवीत ठेवावेत आणि आपल्या प्रवासाला लागतो तितक्या वेळाने पाण्याचे तापमान साध्या थर्मामीटरने मोजावे. जाहिरातीतील तासांच्या दाव्यापेक्षा हे उत्तर अधिक विश्वासार्ह ठरते.

इन्सुलिनबाबत दक्षता वेगळी आहे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते, परंतु एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरता येत नाही. फ्रीझरमधून काढलेला आइस पॅक कुपीला थेट टेकला, तर उन्हापासून वाचविलेले औषध थंडीने निकामी होऊ शकते. दोहोंमध्ये जाड कापडाची घडी ठेवावी आणि वेष्टनावरील सूचना पाळाव्यात.

थोडक्यात, घर ते कार्यालय किंवा मंडई ते घर एवढ्या अंतरासाठी छोटी पिशवी उपयुक्त आहे. दिवसभराच्या प्रवासासाठी मात्र केवळ तिच्यावर विसंबणे धोक्याचे. रंग आणि खिसे यांपेक्षा फोम, चेन आणि बर्फाची जागा पाहून घेतलेली पिशवीच कामाला येते.