लेकीच्या बाळंतपणाला परदेशी

पुण्या-ठाण्याच्या सोसायटीत कुणाची आई अमेरिकेला निघाली असं कळलं, की शेजारीण लगेच विचारते, "लेकीला कितवा?" पूर्वी लेक पहिलटकरीण म्हणून माहेरी यायची, आता माहेरच बॅगा भरून तिच्याकडे जातं. हा लेख बोलावणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. तयारीचं ओझं बहुतेक घरांत आईच वाहते, म्हणून तो त्यांनी वाचावा.

व्हिसा, विमा, औषधं

आईला बी-१/बी-२ हा पर्यटक व्हिसा लागतो. भारतीयांना तो बहुधा १० वर्षांचा मिळतो, पण एका खेपेला किती राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. सहसा ६ महिने. ती तारीख आय-९४ या नोंदीत असते आणि ऑनलाइन पाहता येते. व्हिसावरची तारीख बघून निर्धास्त राहू नका.

तिथली सरकारी मेडिकेअर पाहुण्यांना मिळत नाही, म्हणून विमा हवाच. आईला बीपी-शुगर असेल तर जुन्या आजारांचं कलम नीट वाचा. गोम तिथेच असते. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह द्या. डांग्या खोकल्याची लस बाळाला भेटण्याच्या किमान २ आठवडे आधी घ्यावी, असं तिकडचे डॉक्टर सांगतात. तिकिटासोबत व्हीलचेअर मागा. गुडघे धड असले तरी भल्यामोठ्या विमानतळावर सोबतीला माणूस मिळतो.

बॅगेत काय?

डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळंतशेपा, सुंठ हे सगळं ओघानं येतंच. नियम एवढाच, की खाण्याचं जे काही आहे ते विचारल्यावर सांगायचं. लपवलं तर दंड होऊ शकतो. ताजा कढीपत्ता, फळं, मांस नेऊ नका. हळीव, खारीक, डिंक तिथल्या भारतीय दुकानांत मिळतात, आणि बिनमिठाचं लोणी आणून तूप घरीच कढवता येतं. आईला हे आधी सांगा, म्हणजे ती बॅगेत किलोकिलोनं कोंबणार नाही. तरी थोडं कोंबेलच.

धुरी आणि स्मोक अलार्म

खरे खटके इथे उडतात. ओव्याची धुरी द्यायला आई निखारा पेटवते आणि छतावरचा अलार्म किंचाळू लागतो. बाळ दचकतं, बाळंतीण रडकुंडीला येते. त्यापेक्षा ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून लेकीची कंबर शेकावी. बाळापासून ती लांबच ठेवावी.

बाळाबाबत तिकडचे डॉक्टर ठाम असतात. त्याला पाठीवरच झोपवायचं, स्वतंत्र पाळण्यात, आणि आत उशी, दुपटं, गोधडी काही नाही. नाळ गळेपर्यंत फक्त अंग पुसून घ्यायचं. ६ महिने आईच्या दुधाखेरीज काही नाही, म्हणजे गुटीही नाही. मध वर्षभर वर्ज्य. हे ऐकल्यावर "आम्ही वाढवलं नाही का तुम्हाला?" हे वाक्य येणारच. त्यावर लेकीनं वाद घालू नये. आईला बाळाच्या डॉक्टरांकडे सोबत न्यावं आणि तिच्या शंका तिलाच विचारू द्याव्यात. नियम लेकीच्या तोंडून आला तर तो अपमान वाटतो, डॉक्टरांकडून आला तर पटतो. उलट बाळाला कसं धरायचं, रडणं भुकेचं की पोटदुखीचं, हे मात्र आईला विचारा. तिथे तिचा हात धरणारं कुणी नाही.

आईचा दिवस

पहिल्या आठवड्यात तिला रात्री दोनला टक्क जाग येते. मग बाळ तिच्याकडे आणि लेकीला सलग झोप! जेट लॅगचा एवढा सदुपयोग दुसरा नसेल. पण महिन्याभरानंतरही रात्रपाळी तिच्याकडेच राहिली, स्वयंपाक, भांडी, कपडेही तिच्याकडे आले, तर ती बिनपगारी बाई झाली. ती स्वतःहून तसं म्हणणार नाही.

तिला गाडी चालवता येत नसते. दाराशी भाजीवाली येत नाही आणि हिवाळ्यात बाहेर बर्फ. बाबांना फोन करावा तर न्यूयॉर्कहून साडेनऊ तासांचा फरक, थंडीत साडेदहा. म्हणून तिला स्वतःचा फोन, घराची किल्ली आणि आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी द्या. त्या दिवशी जावयानं भात लावावा. जवळचं महाराष्ट्र मंडळ, देऊळ, वाचनालय दाखवून ठेवा. समवयस्क मराठी बाई भेटली की निम्मं काम होतं.

मागचं घर

बाबांच्या गोळ्या आणि डबा यांची सोय निघण्याआधीच लावा. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, म्हणून बाबांना एकदा करून दाखवा.

एक विनंती: परतीची तारीख आईला ठरवू द्या. पाळणाघराचा नंबर लागेपर्यंत तिचं तिकीट पुढे ढकलत राहू नका.