चेहऱ्यावरचा राग कोणाला आधी दिसतो?

मोठ्यांच्या कपाळावर बारीकशी आठी पडली, तरी एखादे मूल लगेच सावध होते. शेजारच्या मुलाच्या ते लक्षातही येत नाही. चेहरा एकच, मग फरक कुठून येतो? जन्मतःच की अनुभवातून?

जनुकांचा वाटा

फक्त डोळ्यांचे फोटो पाहून मनातला भाव ओळखायची एक प्रसिद्ध चाचणी आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 साली सुमारे 89,000 लोकांचे या चाचणीतील गुण आणि त्यांची जनुकीय माहिती ताडून पाहिली. जुळ्यांच्या अभ्यासांवरून असे दिसले, की या चाचणीत माणसामाणसांत जो फरक पडतो, त्याचा साधारण 28 टक्के भाग आनुवंशिक असतो. याचा अर्थ एखाद्याचे 28 टक्के कौशल्य जनुकांतून येते असा नव्हे. हा आकडा लोकांमधील फरकाचा आहे. शिवाय ‘भाव ओळखण्याचे जनुक’ असे एकच जनुक नसते. अनेक जनुकांचा थोडाथोडा परिणाम मिळून हा फरक घडतो.

अनुभवाचा वाटा

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ सेथ पोलॅक यांनी घरात मारहाण सोसलेल्या मुलांचा अभ्यास केला. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भीती आणि राग, किंवा दुःख आणि राग, अशा दोन भावांचे कमी-अधिक मिश्रण असलेले चेहरे मुलांना दाखवले गेले. इतर मुलांना जो चेहरा घाबरलेला किंवा दुःखी वाटला, तोच मार खाल्लेल्या मुलांना रागावलेला वाटला. दुसऱ्या प्रयोगात अंधूक चित्र हळूहळू स्पष्ट होत गेले, तेव्हा राग याच मुलांनी लवकर ओळखला. याउलट, ज्यांच्याकडे घरात दुर्लक्ष झाले होते, त्या मुलांना वेगवेगळे भाव एकमेकांपासून वेगळे ओळखणे जड गेले.

याचा अर्थ काय?

मार खाणाऱ्या मुलाची नजर बिघडलेली नसते. घरात राग आधी ओळखला, तर वेळीच बाजूला होता येते. म्हणून ती तशी घडते. अडचण येते ती घराबाहेर. शिक्षकांचा थकलेला चेहरा किंवा मित्राचा गोंधळलेला चेहरा अशा मुलाला रागीट वाटू शकतो. मग ते गप्प बसते किंवा अंगावर धावून जाते, आणि त्याच्यावर ‘भांडखोर’ असा शिक्का बसतो.

अशा वेळी मोठ्यांनी ‘मी रागावलेलो नाही, दमलो आहे’ एवढे स्पष्ट सांगितले, तरी चेहऱ्याचा दुसरा अर्थ मुलापुढे येतो.