एलियटचा समुद्र: घंटा, मेरी आणि कृष्ण

टी. एस. एलियटची ‘द ड्राय सॅल्व्हेजेस’ ही कविता १९४१ साली प्रसिद्ध झाली. ‘फोर क्वार्टेट्स’मधली ती तिसरी. शीर्षकातले खडक अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या केप ॲन किनाऱ्याजवळ आहेत. तिथल्याच ग्लॉस्टर या मासेमारीच्या गावी एलियटच्या लहानपणीचे उन्हाळे गेले.

कवितेतला समुद्र फाटकी जाळी आणि मोडकी वल्ही किनाऱ्यावर टाकून देतो. लाटांनी हलणारी धोक्याची घंटा आधी माणसाच्या घड्याळापेक्षा जुना काळ मोजते. पुढे चौथ्या भागात दर्यावर गेलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्या बायकांसाठी मेरीमातेची प्रार्थना येते. तिथे हीच घंटा ‘आंजेलुस’ची होते, म्हणजे येशूजन्माची वार्ता मेरीला मिळाली त्या प्रसंगाचं स्मरण करणाऱ्या प्रार्थनेची.

मधल्या, तिसऱ्या भागात कृष्णार्जुन भेटतात. एलियट हार्वर्डला संस्कृत शिकला होता. फळाची आस न धरण्याचा गीतेतला उपदेश तो आगबोटीवरच्या प्रवाशांना ऐकवतो. दर्यावर निघालेल्याला परतण्याची हमी नसते. म्हणूनच निष्काम कर्म आणि मेरीची प्रार्थना या कवितेत शेजारी शेजारी नांदू शकतात.