सुवास कपाटात बरा!

एखाद्या प्रदर्शनात किंवा मॉलमध्ये चक्कर मारा. लॅव्हेंडरच्या वासाची उशी, सिट्रोनेला लावलेला मुलांचा टी-शर्ट, निलगिरीच्या वासाचं बाळाचं दुपटं... आणि प्रत्येकावर ठळक अक्षरांत ‘नॅचरल’! झाडापासून आलंय म्हटलं की आपण बायका विरघळतोच. खाजकुयलीही वेलीलाच लागते, हे तेवढ्यापुरतं विसरायला होतं.

वासाचे कपडे आपल्याला काही नवे नाहीत. आजीच्या ट्रंकेत वाळ्याची जुडी असायची, शालूच्या घडीशेजारी बकुळीची सुकलेली फुलं, लोकरीच्या कपड्यांत वेखंडाचे तुकडे नाहीतर कडुनिंबाचा पाला. पण मैत्रिणींनो, हा वास कापडाच्या शेजारी असायचा, कापडात मुरवलेला नसायचा. साडी झटकून वाऱ्यावर टाकली की अंगावर येई तो नुसता मंद दरवळ.

आताचं तंत्र निराळं. सुगंधी तेल अतिसूक्ष्म कुप्यांमध्ये कोंडतात आणि त्या कुप्या चिकट द्रव्याने धाग्यांवर बसवतात. अंगाशी कापड घासलं की कुप्या फुटतात, वास सुटतो. म्हणजे तेल नेमकं काखेत, मानेवर, कमरेच्या नाडीपाशी, जिथे घाम आणि घर्षण जास्त, तिथेच कातडीला लागतं. या कुप्यांचं कवच काही वेळा डिंकाचं असतं, तर काही वेळा मेलामाइन-फॉर्माल्डिहाइडचं. फॉर्माल्डिहाइड तर त्वचेच्या अ‍ॅलर्जीसाठी बदनामच आहे. कापूस किती, पॉलिस्टर किती हे लेबलावर सापडतं. कवच कशाचं, हे शोधून दाखवा!

आणि तेलांचं काय? लॅव्हेंडरच्या वासात लिनालूल असतं, संत्र्या-लिंबाच्या सालीच्या तेलात लिमोनीन. ताजी असताना ही द्रव्यं तशी सौम्य. पण हवा लागून जुनी होत गेली की त्यांचं रूप पालटतं आणि ती अ‍ॅलर्जी आणणारी होतात. स्वीडनमधल्या गॉथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर बरंच काम केलंय. युरोपात २००५ पासून सौंदर्यप्रसाधनांवर अशा २६ सुगंधी द्रव्यांची नावं छापावी लागतात, ठरावीक प्रमाणाच्या वर असतील तर. २०२३ मध्ये ही यादी ऐंशीच्या पुढे गेली. लिनालूल आणि लिमोनीन पहिल्यापासून तिच्यात आहेत.

सगळ्यांनाच त्रास होतो असं मुळीच नाही. पण ज्यांना होतो, त्यांची खाज लगेच उठत नाही. दोन-तीन दिवसांनी उठते. त्यामुळे संशय उन्हाळ्यावर जातो, कोळंबीवर जातो, कपड्यावर जातच नाही. शिवाय एकदा शरीराने एखाद्या द्रव्याशी वैर धरलं की ते सहसा जन्मभराचं. मग तोच वास साबणात, पावडरीत, केसांच्या तेलात आला तरी खाज ठरलेली. पाठीवर पट्ट्या लावून करतात ती पॅच टेस्ट त्वचारोगतज्ज्ञांकडे होते. कारण तिथेच नक्की कळतं.

घरी तेल आणून थेंब टाकणाऱ्याही पुष्कळ जणी आहेत. दुचाकीवरून जाताना तोंडाला बांधायच्या स्कार्फवर तर नकोच. बर्गमॉटचं किंवा साल दाबून काढलेलं लिंबाचं तेल कातडीला लागून वर ऊन पडलं, तर चट्टा उठतो आणि काळा डाग महिनोन् महिने राहतो.

बाळांच्या बाबतीत मात्र मी अगदी हट्टी आहे. त्यांची कातडी नाजूक, आणि दुपट्याचं टोक सारखं तोंडात! कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. कापूर-मेंथॉलचे मलमही दोन वर्षांखालच्या मुलांना लावायचे नसतात, मग तेच दुपट्यावर कशाला? आणि वासाचा विषय निघालाच आहे तर डांबरगोळ्यांबद्दलही सांगते. थोरल्या भावंडाची ठेवणीतली झबली डांबरगोळ्यांतून काढून तशीच घालू नका. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाचं रक्त त्यामुळे फुटून कावीळ होऊ शकते, आणि ही कमतरता कुणाला आहे हे वरून दिसत नाही.

आमच्या बचत गटातल्या बायकांनी मध्यंतरी ‘अरोमा’ बाळंतविडा काढायचं मनावर घेतलं होतं. झबलं-टोपडं, दुपटं, वर लॅव्हेंडरचा फवारा; भावही चांगला आला असता. दोन बैठका वादात गेल्या. ‘ताई, वासावरच तर विकतं हो!’ हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी दोनदा धुतलेल्या मऊ सुती कापडाचा, बिनवासाचा बाळंतविडा ठरला, आणि वाळ्याच्या पुरचुंड्या मोठ्यांच्या कपाटासाठी वेगळ्या विकायचं ठरलं. त्यांच्या पाकिटावर छापलंय : ‘कपड्यांच्या कप्प्यात ठेवा. बाळाच्या पाळण्यात नको.’