मोरोक्को देशांतील ग्रंथमार्ग : टांजिअरपासून वाळवंटापर्यंत

देवगिरीच्या इतिहासाचा अभ्यास करणारांस इब्न बतूता हें नांव अपरिचित नाहीं. महंमद तुघलकाच्या पदरीं राहिलेला हा मगरबी प्रवासी दौलताबादेस आला. तेथील किल्ला व गवयांचा बाजार यांचें वर्णन त्यानें केलें. नंदुरबारच्या मराठ्यांविषयीं लिहितांना त्यांचें कलाकौशल्य, वैद्यक व ज्योतिष यांची त्यानें आवर्जून नोंद केली. आणि पुढें गोव्यावरील, म्हणजे त्याच्या शब्दांत संदाबूरवरील, स्वारींत तो स्वतः सामील झाला. हा मजकूर आमच्याकडील लेखक वारंवार आधारास घेतात. परंतु तो कोठें लिहिला गेला व कोणत्या प्रतींवरून आपल्या हातीं आला, याचा विचार फारसा होत नाहीं. तो ज्या देशांत लिहिला गेला त्या मोरोक्कोंत हस्तलिखितांचे जुने संग्रह अद्यापि आहेत, आणि कांहीं मोठे संग्रह तेथून नाहींसेहि झाले आहेत. सबब वाचकांस बरोबर घेऊन टांजिअर, फेज, मराकेश व वाळवंटाच्या तोंडाशीं असलेलें तामग्रूत या क्रमानें त्या देशांतून एक फेरी करावी, आणि ग्रंथ कशामुळें टिकतात व कशामुळें जातात हें जागोजाग पाहावें, असें आम्हीं योजिलें आहे.

टांजिअर. युरोप व आफ्रिका यांमधील सामुद्रधुनीवर हें बंदर आहे. इब्न बतूता येथेंच इ. स. १३०४ मध्यें जन्मला व इ. स. १३२५ च्या जून महिन्यांत, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, मक्केच्या यात्रेसाठीं येथून एकटाच निघाला. तो परत आला तेव्हां चोवीस वर्षें लोटलीं होतीं. त्यानंतरहि तो स्वस्थ बसला नाहीं, इ. स. १३५२ मध्यें सिजिल्मासा या वाळवंटाच्या काठच्या शहरांतून उंटांच्या काफिल्याबरोबर तो मालीच्या राज्यांत गेला. त्याच्या वर्णनाचा आधार घेणारांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बुखारा येथें विद्वानांच्या कबरींवरून उतरून घेतलेले लेख हिंदी समुद्रांत झालेल्या लुटींत गेले, असें तो स्वतःच सांगतो. म्हणजे त्याच्या ग्रंथाचा बराच भाग टिपणांवरून नव्हे, तर आठवणीवरून सांगितलेला आहे.

फेज. हा आठवणींचा साठा शब्दांत उतरला तो फेज येथें. मरीनी घराण्याचा सुलतान अबू इनान याच्या आज्ञेवरून इब्न बतूतानें तो सांगितला व इब्न जुझय्य या दरबारी लेखकानें लिहून घेतला. सांगणें इ. स. १३५५ च्या डिसेंबरांत संपलें व लेखकाचें काम पुढील फेब्रुवारींत पुरें झालें. लेखकानें आपल्या पदरचीं भूषणें घातलीं व कांहीं स्थळांचीं वर्णनें इब्न जुबैर या पूर्वीच्या प्रवाशाच्या ग्रंथांतून घेतलीं, हेंहि आतां निश्चित झालें आहे.

जुन्या फेजच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत कीं तेथें गाडी जात नाहीं. ओझीं खेचरांवरून व गाढवांवरून वाहतात. या गल्ल्यांतून उतरत गेलें म्हणजे सफ्फारीन नांवाचा तांबटांचा चौक लागतो. हातोड्यांचा आवाज ऐकून पुण्याच्या तांबट आळीची आठवण व्हावी असें हें स्थळ आहे. याच चौकांत करवीयीन मशिदीच्या ग्रंथालयाचें द्वार आहे. मशीद इ. स. ८५९ मध्यें, कैरवानहून आलेल्या घराण्यांतील फातिमा अल-फिहरी या स्त्रीनें बांधविली अशी परंपरा आहे. ग्रंथालयाची स्थापना वर सांगितलेल्या अबू इनानानें हिजरी ७५० मध्यें, म्हणजे इ. स. १३४९ मध्यें, केली. आज तेथें सुमारें ४,००० हस्तलिखितें आहेत. मौल्यवान ग्रंथांच्या खोलीस चार कुलुपांचें लोखंडी दार असून चार किल्ल्या चार निराळ्या माणसांकडे असत, असें सांगतात. इमारतींत ओल शिरल्यामुळें इ. स. २०१२ पासून अझीझा शावनी या वास्तुविशारद बाईंनीं तिचा जीर्णोद्धार केला.

येथील एका ग्रंथाकडे आम्ही संग्राहकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. इब्न खल्दून या थोर इतिहासकारानें आपल्या ‘किताब अल-इबर’ ग्रंथाची प्रत हिजरी ७९९ मध्यें, म्हणजे इ. स. १३९६ मध्यें, कैरोहून या ग्रंथालयास वक्फ करून पाठविली. त्या प्रतीवर दानपत्र लिहिलेलें आहे. ग्रंथ विश्वासू माणसासच, पुरेसें तारण घेऊन व दोन महिन्यांहून अधिक नाहीं इतक्या मुदतीनें द्यावा, कारण वाचण्यास अगर नक्कल करण्यास तेवढा काळ पुरतो, असा त्याचा आशय आहे. सहा शतकांमागील ही अट आजच्या कोणत्याहि ग्रंथालयास शोभेल. दानपत्र ग्रंथावरच असल्यामुळें तो कोणाचा, कोणी दिला व कोठें असावयास पाहिजे, हें प्रत स्वतःच सांगते.

मगरबी हस्तलिखित प्रथमच पाहणारांनीं लिपीचा एक भेद लक्षांत घ्यावा. पूर्वेकडील अरबी लेखनांत ‘फे’ या अक्षरावर एक नुक्ता व ‘काफ’ या अक्षरावर दोन नुक्ते असतात. मगरबी वळणांत ‘फे’चा नुक्ता खालीं येतो व ‘काफ’वर एकच नुक्ता असतो. हें न जाणणारा फारशी कागदपत्रांचा सरावलेला वाचकहि ‘काफ’ला ‘फे’ समजून फसतो. कागद मात्र फेजचाच विपुल असे. मुवह्हिद घराण्याच्या काळीं या शहरांत कागदाचे चारशें कारखाने होते, असें जुने लेखक लिहितात.

इतकें असूनहि इब्न बतूताचा ग्रंथ पॅरिसच्या प्रतींवरून छापावा लागला. फ्रेंचांनीं अल्जीरिया घेतल्यावर तेथें त्याच्या पांच प्रती सांपडल्या व त्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत गेल्या. त्यांवरून देफ्रेमेरी व सांग्विनेत्ती यांनीं इ. स. १८५३ ते १८५८ या काळांत चार खंड प्रसिद्ध केले. आमचे लेखक दौलताबादेविषयीं जो उतारा देतात त्याचें मूळ बहुधा हेंच असतें.

मराकेश. फेजहून नैर्ऋत्येस मराकेश हें दुसरें राजनगर आहे. तेथील मोठ्या मशिदीचें नांवच कुतुबिया, म्हणजे पुस्तकविक्यांची मशीद. बाराव्या शतकांत ती बांधली गेली व तिच्या आसपास पुस्तकांचा बाजार भरे, यावरून हें नांव पडलें. तिचा चौकोनी मनोरा सुमारें ७७ मीटर उंच असून दुरूनच दृष्टीस पडतो.

पुस्तकांच्या या शहरांतून एक अख्खें राजग्रंथालय गेलें. सादी घराण्याचा सुलतान मौलाय झैदान यास इ. स. १६१२ मध्यें अबू महल्ली नांवाच्या बंडखोरामुळें मराकेश सोडावें लागलें. त्यानें सुमारें ४,००० ग्रंथ साफी बंदरांत एका फ्रेंच गलबतावर चढविले. भाडें न मिळाल्यामुळें कप्तानानें तें गलबत माल न उतरवितां मार्सेयकडे हांकारलें. वाटेंत स्पॅनिश जहाजांनीं तें पकडलें. ग्रंथ स्पेनच्या राजाकडे गेले व इ. स. १६१४ मध्यें माद्रिदजवळील एस्कोरियलच्या मठांत ठेवण्यांत आले. झैदानानें ते परत मागितले. इ. स. १६९०-९१ मध्यें स्पेनला गेलेला मोरोक्कोचा वकील अल-गस्सानी यानेंहि मागितले. परंतु तत्पूर्वीं, इ. स. १६७१ मध्यें, मठास लागलेल्या आगींत निम्म्याहून अधिक ग्रंथ जळून गेले होते. उरलेले सुमारें दोन हजार अद्यापि तेथेंच आहेत. इ. स. २०१३ मध्यें त्यांच्या सूक्ष्मपटावरील नकला स्पेनच्या राजानें मोरोक्कोस दिल्या. मूळ ग्रंथ निघाल्यापासून नक्कल परत येईपर्यंत चारशें एक वर्षें लागलीं.

तामग्रूत व वाळवंट. मराकेशहून आग्नेयीस जाणारी वाट अॅटलस पर्वतांतील तिशका हा २,२६० मीटर उंचीचा घाट ओलांडते. पलीकडे भूमीचा रंगच पालटतो. आयत बेन हद्दू येथील मातीचीं तटबंद घरें पाहून पुढें द्रा नदीच्या खोऱ्यांत उतरावें. पात्रांत पाणी थोडें, परंतु दोन्ही तीरांस खजुराची दाट राई आहे. झागोरा या गांवीं ‘तिंबक्तू, ५२ दिवस’ अशी उंटाच्या वाटचालीचें अंतर सांगणारी प्रसिद्ध पाटी आहे.

तेथून थोड्याच अंतरावर तामग्रूत. हिरव्या झिलईच्या मातीच्या भांड्यांसाठीं हें खेडें ओळखलें जातें. येथें नासिरी पंथाचा मठ असून त्याचा ग्रंथसंग्रह सबंध मगरबांत नांवाजलेला आहे. इ. स. १६७४ मध्यें वारलेल्या महंमद बिन नासिर यानें त्यास थोरवी आणिली; त्याचा पुत्र अहमद यानें मक्केच्या यात्रा करितांना पूर्वेकडील देशांतून ग्रंथ मिळवून आणिले. धर्मशास्त्राबरोबरच व्याकरण, वैद्यक, गणित व ज्योतिष या विषयांचे ग्रंथ येथें आहेत, आणि हरणाच्या कातड्यावर लिहिलेलीं कुराणाचीं पानेंहि दाखवितात. कांहीं ग्रंथ पुढें रबात येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत नेण्यांत आले. महंमद अल-मनूनी या विद्वानानें या संग्रहाची सूची तयार केली व ती इ. स. १९८५ मध्यें प्रसिद्ध झाली. तामग्रूतच्या पुढें म्हामीद येथें पक्की सडक संपते व वाळूच्या टेकड्या सुरू होतात.

कोरडी हवा कागदास मानवते हें खरें. परंतु तिंबक्तूच्या वाटेवरील एवढ्याशा खेड्यांत हा संग्रह साडेतीनशें वर्षें राहिला तो केवळ हवेच्या गुणानें नव्हे. तो मठाचा होता, एका माणसाचा नव्हता. फेजचे ग्रंथ वक्फाचे होते. झैदानाचें ग्रंथालय मात्र राजाची खाजगी मत्ता होती. राजा पळाला तेव्हां तेंहि त्याच्या सामानाबरोबर गलबतावर चढलें.

आमच्या वाचकांत पुष्कळांच्या घरीं दप्तरें व पोथ्यांचे रुमाल आहेत, आणि कित्येकजण गांवोगांव फिरून ते मिळवितात. त्यांस आमची विनंति इतकीच कीं, कागद ज्या घरांतून व ज्या गांवाहून आला त्याची नोंद त्याच दिवशीं करावी. मूळ पानास शाई न लावतां निराळ्या चिठ्ठीवर ती लिहून रुमालांत ठेवावी. संग्रहाची यादी दोन ठिकाणीं असूं द्यावी. आणि आपल्यामागें तो कोणत्या संस्थेकडे जावा हें हयातींतच लिहून ठेवावें. इब्न खल्दूनानें आपल्या ग्रंथासाठीं हेंच केलें, आणि त्याचें दानपत्र आज फेज येथें वाचतां येतें.